पाम बीचवर 70 किलोपास्कल, एक्सप्रेसवेवर 104: सपाट रस्त्यावर बूस्ट का येत होता

जानेवारीतल्या एका रविवारी पहाटे साडेपाचला भाचा आणि मी ठाण्याहून लोणावळ्याला निघालो. फिरणं होतंच, पण खरं काम गाडीचं होतं. महिनाभर हायवेवर एकाच वेगात, पाय अगदी हलका ठेवूनही टर्बो बूस्ट (इंजिनात जादा दाबाने ढकललेली हवा) दाखवत होता आणि एव्हरेज 17 वरून 14 वर आलं होतं. एका गॅरेजमध्ये नुसतं ऐकूनच वेस्टगेटचा (टर्बोचा दाब आवरणाऱ्या झडपेचा) ॲक्चुएटर बदलायला सांगितलं. पाच आकडी खर्च. पैसे घालण्याआधी एकदा नीट मोजून बघू म्हटलं.

गाडी पेट्रोल, 1.2 लिटर, मॅन्युअल गिअर. हे आधी सांगतो, कारण डिझेलवाल्यांना पुढचे आकडे लागू नाहीत. डिझेलला पेट्रोलसारखा हवा अडवणारा थ्रॉटल नसतो, त्यामुळे 80-90 च्या वेगात थोडा बूस्ट दिसणं तिथे नेहमीचंच आहे. पेट्रोलमध्ये सपाट रस्त्यावर संथ चालताना थ्रॉटल अर्धवट मिटलेला असतो, म्हणून त्याच्या पुढे मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीत) दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी हवा. माझ्याकडे तो जास्त होता.

निघण्याआधी बिल्डिंगखाली पहिली तपासणी केली. चावी ऑन, इंजिन बंद, ओबीडीला (गाडीच्या तपासणी सॉकेटला) छोटा ब्लूटूथ स्कॅनर. मॅनिफोल्ड प्रेशर 101 किलोपास्कल आलं. ठाणे जवळजवळ समुद्रसपाटीला, म्हणजे हा आकडा बरोबर; इथेच 115 आलं असतं तर सेन्सर खोटं बोलतोय हे घरबसल्या कळलं असतं. आणखी एक: काही ॲप पूर्ण दाब दाखवतात, काही त्यातून बाहेरच्या हवेचा दाब वजा करून दाखवतात. आपलं कुठलं ते याच वेळी पाहून घ्या. इंजिन बंद असताना शून्य आलं तर वजाबाकी झालेली आहे. चारही टायरमध्ये हवा थंड असतानाच भरून घेतली.

कळवा, विटावामार्गे ऐरोली आणि ठाणे-बेलापूर रोडने वाशी. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली गेल्या पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून मी तीन-चारदा गाडी काढली होती. त्या क्षणी ते लक्षातही आलं नाही.

मोजायला पाम बीच रोडसारखी जागा नाही. सपाट, सरळ, एका बाजूला खाडी आणि खारफुटी, आणि रविवारी सहाच्या सुमाराला जवळजवळ मोकळा. पाचव्या गिअरमध्ये ताशी 60 चा वेग धरला. मॅनिफोल्डचा दाब दाखवणारी स्क्रीन भाच्याच्या हातात. चालवणाऱ्याने तिकडे बघायचंच नाही, हे कृपया पाळा. "मामा, 70... 71... 70." बेलापूरच्या किल्ला जंक्शनहून वळून परत वाशीकडे आलो, तरी 70. दोन्ही दिशांना सारखंच, म्हणजे वारा किंवा चढ यांचा दोष नाही. एकाच दिशेचं माप घेऊन निष्कर्ष काढू नका. एसीही बंदच ठेवा.

पुन्हा बेलापूर, मग कळंबोलीहून एक्सप्रेसवे. डाव्या लेनमध्ये टॉप गिअरला 90 चा वेग: मॅनिफोल्ड 104, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा जास्त. मात्र फ्युएल ट्रिम, म्हणजे इंजिनाचा कंप्युटर पेट्रोल किती कमी-जास्त करतोय तो आकडा, अधिक-उणे चार टक्क्यांच्या आत होता. सेन्सरने दाब उगाच जास्त सांगितला असता तर इंजिनात पेट्रोल जास्त गेलं असतं आणि ट्रिम चांगलाच उणे दिसला असता. स्कॅनरवर बिघाडाचा कोडही एक नाही. वेस्टगेट बंद अवस्थेत अडकला तर जोरात पाय दिल्यावर ओव्हरबूस्ट होऊन बहुधा पी 0234 येतो. उघडा अडकला तर पिकअप मरतो आणि पी 0299. घाटात जोर लावून पाहिला, बूस्ट वेळेवर आला आणि वेळेवर उतरला. लोणावळ्यात पोहोचून चावी ऑन, इंजिन बंद: 94. सहाशे मीटर उंचीला हेच अपेक्षित. सेन्सर शंभर टक्के ठीक.

मग चहा पिताना कोडं सुटलं. टर्बो स्वतःहून काही करत नव्हता. इंजिनाला तेवढ्याच वेगासाठी जास्त जोर लावावा लागत होता, म्हणून ते जास्त हवा मागत होतं आणि टर्बो ती देत होता. मग ओझं कुठून येतंय?

परतीला पुन्हा पाम बीच धरला. शेवटचा किलोमीटर ब्रेकला शक्यतो पाय न लावता गाडी हळूहळू थांबवली, बाजूला घेतली आणि लेझर थर्मामीटरने रिम मोजल्या. पुढचं उजवं 47 अंश, पुढचं डावं 96. हात लावून बघायचा मोह टाळा, डिस्क याहून कितीतरी तापलेली असते. थर्मामीटर नसेल तर सपाट जागी गाडी जॅकवर घेऊन, दुसऱ्या चाकांना नीट उटी लावून, चाक हाताने फिरवून बघा. माझं डावं चाक अर्ध्या फेरीतच धरत होतं.

सोमवारी ओळखीच्या मिस्त्रीकडे कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा ब्रेकचा भाग) खोललं. कॅलिपर ज्यावर सरकतं त्या स्लायडर पिनचं रबरी बूट फाटलेलं, आत पाणी जाऊन पिन गंजून जाम. आतला पॅड बाहेरच्याच्या निम्मा उरलेला. म्हणजे विटाव्याचं पाणी, असं मला वाटतं. पिना, बूट आणि दोन्ही पुढच्या चाकांचे पॅड बदलले. पिनांना ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावायला सांगा. साधं ग्रीस रबर फुगवतं आणि पिन पुन्हा अडकते. एकाच बाजूचे पॅड बदलू नका, गाडी एकीकडे ओढेल.

पुढच्या रविवारी तोच रस्ता, तीच वेळ, टायरमध्ये तीच हवा. पाम बीचवर 60 ला 56. एक्सप्रेसवेवर 90 ला 82. गाडी ठीक असतानाचे हे दोन आकडे आता डॅशबोर्डच्या कप्प्यातल्या वहीत लिहून ठेवलेत, पाऊस संपला की पुन्हा पाम बीचवर जाऊन ताडून बघणार.