मैदानावरच्या वादनाला विषय हवाच का?

शाळेच्या वाद्यपथकाला मैदानावर सात-आठ मिनिटांचे संचलन-वादन सादर करायचे असेल, तर त्याला एखादा विषय असलाच पाहिजे का, आणि असला तर तो प्रेक्षकांना व परीक्षकांना न सांगता कळला पाहिजे का, हा प्रश्न आमच्याकडे आता नुसता गप्पांचा राहिलेला नाही. आमच्या परिसरातल्या काही स्पर्धांत प्रवेशपत्रासोबत ‘संकल्पना’ या शीर्षकाखाली अर्ध्या पानाचे टिपण मागवले जाते. ते परीक्षकांच्या हाती दिले जाते आणि पथक मैदानात उतरण्यापूर्वी निवेदक त्यातल्या दोन-चार ओळी ध्वनिक्षेपकावरून वाचून दाखवतो. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका शाळेत संगीत शिकवते आणि वाद्यपथकही बसवते, त्यामुळे हे टिपण लिहिण्याचे काम माझ्याकडेच येते. माझे मत आरंभीच सांगते. विषय असणे ही अट असू नये. परंतु जे पथक विषय जाहीर करते त्याने तो मैदानावरच पोहोचवला पाहिजे, आणि प्रेक्षकाला न मिळालेली माहिती हाती घेऊन परीक्षकाने गुण देऊ नयेत.

या प्रश्नाचा सर्वांत जास्त खल अमेरिकेतल्या ड्रम कोर पथकांमध्ये झालेला आहे. ‘ड्रम कोर इंटरनॅशनल’ ही संस्था १९७१ साली स्थापन झाली आणि १९७२ साली विस्कॉन्सिन राज्यातल्या व्हाइटवॉटर येथे तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली. पितळी वाद्ये, तालवाद्ये आणि ध्वज व रायफली फिरवणारे कलरगार्ड मिळून दीडशेच्या आसपास तरुण मुले-मुली फुटबॉलच्या मैदानावर दहा-बारा मिनिटे वाजवत, धावत, आकृत्या बांधत आणि मोडत असतात. उन्हाळाभर बसमधून गावोगाव हिंडून ही पथके तेच एक सादरीकरण पुन्हा पुन्हा करतात, त्यात वाटेवरच बदल करतात, आणि ऑगस्टमध्ये अंतिम फेरी होते. २००९ पासून ती इंडियानापोलिसच्या ल्युकस ऑइल स्टेडियममध्ये भरते. त्या फेऱ्यांची चित्रणे मी अनेक वर्षे पाहत आले आहे आणि विद्यार्थ्यांनाही दाखवते.

विषयाला तिथे एवढे महत्त्व का आले, याचे कारण गुणपद्धतीत सापडते. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धापर्यंत परीक्षक पावलाची, सुराची, ठोक्याची एकेक चूक टिपून ती पूर्ण गुणांतून वजा करीत असत. ती पद्धत मागे पडली आणि जे साधले त्याचे गुण देत जाण्याची पद्धत आली. आज शंभरांपैकी चाळीस गुण एकूण परिणामाला आहेत, तीस दृश्यभागाला आणि तीस संगीताला. परिणामाला एवढे वजन असल्यावर दहा मिनिटांना एकत्र बांधून ठेवणारा धागा शोधणे रचनाकारांना भागच होते, आणि विषय हा त्यातला सर्वांत हाताशी असलेला धागा होता.

२००८ साली इलिनॉय राज्यातल्या रॉकफर्डच्या फँटम रेजिमेंटने ‘स्पार्टाकस’ सादर केले. रोमन सत्तेविरुद्ध उठलेल्या गुलामांची ती कथा तिथल्या प्रेक्षकाला पुष्कळशी आधीच ठाऊक होती. ‘मीच स्पार्टाकस’ ही आरोळी मैदानावरून उठली की प्रेक्षकांतूनही ती उठू लागली. अंतिम फेरीत या पथकाला ९८.१२५ गुण मिळाले आणि दुसऱ्या क्रमांकावरच्या ब्लू डेव्हिल्सला ९८.१००. अवघ्या पाव दशांशाच्या या फरकाचे श्रेय कोणी एकट्या कथेला देऊ नये, परंतु त्या रात्री प्रेक्षक आणि परीक्षक एकच सादरीकरण पाहत होते, असे मात्र निश्चितपणे म्हणता येते.

याच्या उलट टोकाला कॅलिफोर्नियातल्या काँकर्ड येथील त्याच ब्लू डेव्हिल्सचे २०१२ सालचे ‘कॅबरे व्होल्तेर’ ठेवता येईल. १९१६ साली झुरिकमध्ये ज्या ठिकाणी दादा चळवळीचा आरंभ झाला, त्याचे नाव या सादरीकरणाला दिलेले होते. प्रस्थापित अर्थालाच नाकारणारी ती कलाचळवळ होती आणि मैदानावरही तसाच विस्कटलेपणा योजलेला होता. पथक अजिंक्य ठरले. अनेक रसिकांना मात्र ते काय पाहत आहेत हे उमगले नाही. त्यावर ‘न उमगणे हाच तर विषय आहे’ असे उत्तर देता येते. ते मला पुरेसे वाटत नाही, कारण दादा चळवळ ज्याला ठाऊक आहे त्यालाच तो विस्कटलेपणा हेतुपुरस्सर केलेला दिसतो. इतरांना दिसते ते थक्क करणारे वादन आणि त्याच्याशी नाते न सांगणाऱ्या हालचाली. याच पथकाने २०१४ साली इटालियन दिग्दर्शक फेलिनी यांच्या चित्रसृष्टीवर बेतलेल्या सादरीकरणाला ९९.६५ गुण मिळवले, आणि तो त्या स्पर्धेच्या इतिहासातला उच्चांक आहे. म्हणजे सर्वसामान्य प्रेक्षकाला संदर्भ ओळखता येणे ही मोठ्या गुणांची पूर्वअट नाही, हे तिथल्या निकालांवरूनच दिसते.

विषयाच्या बाजूने बोलणाऱ्यांना मी नेहमी कॅव्हलियर्स या ड्रम कोर पथकाचे २००२ सालचे ‘फ्रेमवर्क्स’ पाहायला सांगते. त्यात कथा नाही, पात्र नाही, संदेश नाही. त्या वर्षी हे पथक एकही स्पर्धा हरले नाही आणि अंतिम फेरीत त्याला ९९.१५ गुण मिळाले. हे सादरीकरण कोणालाही कळते, कारण आकृतीतून आकृती कशी निघते याचा नियम डोळ्यांसमोर उलगडत जातो. ठिपके मांडून झाल्यावर रांगोळी घालणाऱ्या बाईचा हात कुठे वळेल याचा पाहणारा अंदाज बांधू लागतो. तसा इथला प्रेक्षक पुढच्या वळणाची वाट पाहतो, कधी त्याचा अंदाज खरा ठरतो, कधी रांगा त्याला चकवून निराळीकडे जातात. हा जो अंदाज बांधता येणे आहे, त्यालाच मी कळणे म्हणते. ओहायोच्या ब्लूकोट्सनी २०१६ साली ‘डाऊन साइड अप’मध्ये उतरते मोठे रॅम्प मैदानावर आणले आणि उलथापालथ हा विषय नावातच नव्हे, तर शरीरांच्या घसरण्या-चढण्यातही ठेवला. तेही पहिल्यांदाच अजिंक्य झाले. विषय डोळ्यांना दिसत असेल तर त्याच्या टिपणाची गरज उरत नाही.

आता कोकणाकडे वळते, कारण मला हा विचार सुचला तो इथल्या परंपरांवरून. रस्त्यावरून वाजत-नाचत जाण्याची कला आम्हाला कोणी बाहेरून शिकवलेली नाही. दापोली, मंडणगड या भागात आणि पुढे रायगड जिल्ह्यात लग्नाला, शिमग्याला खालूबाजा असतो. सनईच्या सुरावर आणि ढोलाच्या ठेक्यावर माणसे रांगा धरून पावले टाकतात, वळतात, बसतात, उठतात. त्याला कोणताही विषय नसतो आणि त्याचा अर्थ काय असे विचारणारा मला अजून भेटलेला नाही. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी खांद्यावर घेऊन नाचवली जाते, तेव्हा ढोल चढत गेला की पालखी कलते, गरगरते, जमिनीपर्यंत झुकते आणि पुन्हा वर येते. सभोवतालचा प्रत्येक माणूस श्वास रोखून ते पाहतो, कारण वजन, वेग आणि ठेका यांतले नाते त्याला शरीरानेच समजलेले असते. देवाबद्दलचा भाव त्यात आहेच आणि तो मी वगळू इच्छित नाही. परंतु परगावचा, त्या देवाचे नाव न ऐकलेला माणूसही तिथे खिळून उभा राहतो.

दुसरे उदाहरण सिंधुदुर्गातल्या दशावताराचे. जत्रेच्या रात्री देवळासमोर गणपती येतो, संकासूर येतो, त्याचा वध होतो आणि मग मध्यरात्रीनंतर आख्यान लागते. नटांच्या हाती लिहिलेली संहिता नसते. कथेचा सांगाडा पडद्यामागे ठरतो आणि संवाद रंगमंचावरच जन्मतात. हे शक्य होते ते समोरच्या गावकऱ्याला महाभारतातली, पुराणांतली ती कथा आधीपासून माहीत असल्यामुळे. पुढे काय होणार हे ठाऊक असते, म्हणूनच ते कसे होणार याकडे त्याचे सारे लक्ष लागलेले असते, आणि एखाद्या राजाने नेहमीपेक्षा निराळा युक्तिवाद केला की तो त्याला अचूक पकडता येतो. सर्वांना माहीत असलेली कथा कलावंताला बांधून टाकते अशी समजूत असते. दशावतारात मी नेमके उलट घडताना पाहिले आहे. फँटम रेजिमेंटला स्पार्टाकसच्या कथेने जे दिले, ते हेच.

म्हणून कळण्याच्या दोन वाटा मला दिसतात: विषय लोकांच्या मनात आधीपासून असावा, किंवा मांडणीचा नियम समोर घडताना दिसावा. अडचण होते ती यांपैकी काहीही नसते तेव्हा, आणि आमच्या शालेय स्पर्धांत दुर्दैवाने तेच अधिक घडते. एखाद्या पथकाच्या टिपणात जलसंवर्धन असते. मैदानावर मात्र नेहमीचे बिगूल, नेहमीचे साइड ड्रम, नेहमीची चौकोनी वळणे असतात आणि मधेच चार मुली निळे कापड धरून धावत जातात. कापड काढून घेतले आणि फलकावर ‘वृक्षसंवर्धन’ असे लिहिले तरी वादनातला एकही ठोका बदलावा लागणार नाही. या मुलांच्या मेहनतीबद्दल मला पूर्ण आदर आहे. उन्हात महिनोन्‌महिने सराव करून ती येतात. दोष आहे तो त्या अटीत, कारण तिच्यामुळे शिक्षकाचा वेळ वादन घडवण्याऐवजी विषय चिकटवण्यात जातो. शिवाय परीक्षकाने टिपण आधीच वाचलेले असल्यामुळे त्याला निळ्या कापडात पाणी दिसते, आणि मैदानाच्या पलीकडच्या कडेला उभ्या असलेल्या पालकाला, ज्याच्यापर्यंत वाऱ्यामुळे निवेदन नीट पोहोचलेलेच नसते, केवळ कापड दिसते.

हा फरक अमेरिकेतही आहे आणि तो अधिक खोल आहे. तिथले परीक्षक एका हंगामात तेच सादरीकरण अनेकदा पाहू शकतात, आणि स्पर्धेनंतर पथकांच्या मार्गदर्शकांशी त्यांची चर्चा होण्याची प्रथाही राहिलेली आहे. त्या चर्चेचा शिकण्यासाठी उपयोग होतो, यात शंका नाही. परंतु तिकीट काढून एकदाच आलेल्या गावातल्या माणसाने जे पाहिले, त्याहून निराळे काही परीक्षकाने हळूहळू पाहायला शिकलेले असते, आणि मग एकूण परिणाम म्हणजे नेमका कोणावर झालेला परिणाम, हा प्रश्न उभा राहतो.

माझ्या मताला अडचणीत आणणारे एक उदाहरण आहे आणि ते बाजूला सारणे योग्य होणार नाही. १९९३ साली स्टार ऑफ इंडियाना या पथकाने बार्बर आणि बार्टोक यांच्या संगीतावर, मीडिया या पौराणिक स्त्रीच्या ग्रीक शोकांतिकेचा आधार घेऊन, अतिशय कठोर आणि कोरीव असे सादरीकरण केले. पुष्कळ प्रेक्षकांनी त्याला थंड प्रतिसाद दिला, काहींनी नापसंतीचे आवाजही काढले. कॅडेट्स ऑफ बर्गन काउंटी हे पथक ९७.४ गुणांनी जिंकले, स्टारला ९७.३ मिळाले, आणि त्यानंतर स्टार स्पर्धेतून बाहेर पडले. पुढे त्याच मंडळींच्या कामातून ‘ब्लास्ट!’ हा रंगमंचीय प्रयोग उभा राहिला आणि २००१ साली त्याला टोनी पुरस्कार मिळाला. १९९३ चे ते सादरीकरण आज या कलेतल्या सर्वांत प्रभावी कामांपैकी एक मानले जाते. मग त्या रात्री ज्यांना ते कळले नाही, त्यांच्या बाजूने मी उभी राहू का?

मी ते चित्रण पुन्हा पुन्हा पाहिले आहे आणि मला वाटते की मीडियाची कथा ठाऊक नसतानाही ते पोहोचते. हालचाली सुरांच्या तुटकपणाला चिकटून येतात, शांतता कुठे येणार हे शरीरांच्या ताणावरून आधी जाणवते. नियम समोरच घडत होता. प्रेक्षक तोपर्यंत वेगळ्या नियमांना सरावलेला होता आणि त्याला थोडा काळ हवा होता. जे नवे आहे ते लगेच कळत नाही, आणि जे मैदानावर आलेलेच नाही ते कधीच कळत नाही. या दोहोंत भेद करणे हेच परीक्षकाचे खरे काम आहे, आणि त्यासाठी त्याच्या हाती टिपण नसलेलेच बरे.

आमच्या शाळेत मी एक साधी पद्धत ठेवली आहे. पथक तयार होत आले की पाचवी-सहावीच्या मुलांना मैदानाच्या कडेला बसवायचे, काहीही सांगायचे नाही, आणि नंतर ‘विषय काय होता’ असे न विचारता ‘काय झाले, आणि मग काय झाले’ एवढेच विचारायचे. भरती-ओहोटी डोळ्यांसमोर ठेवून आम्ही एक रचना बसवली होती; तीत मोठे ढोल मागे सरकत, झांजा एकेकट्या पडत आणि मग सारी रांग एका ठेक्यावर पुढे येत असे. एका मुलीने सांगितले, ‘बाई, आधी सगळे गेले, मग खूप वेळ कोणीच आले नाही, आणि मग एकदम आले.’ समुद्राचे नाव तिने घेतले नाही. मला ते घ्यायला लावायचेही नव्हते, कारण त्या रचनेत जे होते ते सर्व तिने पाहिले होते.

संयोजकांकडे माझी मागणी एवढीच आहे की, संकल्पनेचे टिपण ऐच्छिक ठेवावे, ज्यांनी दिले असेल त्यांचे पाकीट गुणपत्रके जमा झाल्यावरच उघडावे, आणि त्यानंतर परीक्षकांनी पथकासमोर बसून, टिपणात लिहिलेले किती आणि कुठे दिसले, हे मुलांना सांगावे. गुणपत्रकातल्या ‘संकल्पनेची निवड’ या रकान्यातले गुण वादन आणि मांडणी यांच्या परस्परसंबंधाकडे वळवावेत. येत्या हंगामाच्या नियमावलीवर हरकती मागवल्या जातील, तेव्हा मी हे लेखी देणार आहे, आणि आसपासच्या शाळांतल्या ज्या शिक्षकांना हे पटत असेल त्यांनीही आपापल्या शब्दांत द्यावे.