पत्रिकेतली खालची ओळ

लग्नाची पत्रिका आली. अक्षता लावलेली, चूलबंद आवतण, म्हणजे घरातल्या सगळ्यांनाच जेवण, त्यामुळे बोलायला जागा नाही. पण माझं नाव निमंत्रकांत नाही. खाली व्यवस्थापकांत आहे, तरुण मंडळाच्या पोरांच्या रांगेत. तात्या असते तर... जाऊ दे.

पत्रिका कशी जुळवतात ते ठाऊक असल्यामुळे जास्त खुपतं. नावं सुचतील तशी टाकत नाहीत. आधी कागदावर अख्खी भावकी उतरवतात. वर 'कै.' लागलेले, मग वडीलकीनं चुलते, मग चुलतभाऊ. मामा आणि जावई यांना वेगळी चौकट, कारण तिथं चुकलं तर मांडवात रुसवा ठरलेला. तळाला किलबिल. प्रमुख उपस्थितीत आमदारापासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत सगळे. निवडणूक तोंडावर असेल तर दोन्ही गटांचे, एकाच मापाच्या अक्षरात. छापखान्यातून प्रूफ येतं तेव्हा पान भरलेलं असतं. एक नाव वर चढवायचं तर दुसरं उतरवावं लागतं. कोणतं, ते प्रूफ वाचायच्या रात्री ओट्यावर कोण हजर होतं त्यावर ठरतं. वयावर नाही. उपकारावर तर नाहीच.

बरं, वर असून मिळतं काय? एक फेटा. फेटेवाला डोक्यामागं पैसे घेतो, म्हणून पन्नास सांगितलेले असतात. नवरदेवाचे मित्र आधी रांगेत बसतात आणि खरे मानकरी येईतो कापड संपतं. जाणते लोक फेटेवाल्याला आतल्या खोलीत बसवतात, दारात यादी घेऊन एक कडक मेहुणा. मग माइकवर पुकारा, टॉवेल, टोपी, नारळ. ती टोपी कुणाच्याच डोक्यात बसत नाही. पँटपीस कुणी शिवत नाही, कापडापेक्षा शिलाई महाग. घडी न मोडता पुढच्या लग्नात जातो. ब्लाउजपीस तर इतके फिरतात की कधी आपलाच आपल्याला परत येतो, कोपऱ्यातल्या पिवळ्या डागावरून ओळखू येतो. एवढ्याचसाठी माझा जीव वरखाली होतोय.

पण होतोय खरा.

पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात 1875 साली शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जाचे कागद जाळले. नंतर नेमलेल्या आयोगानं लिहून ठेवलं की शेतकऱ्याच्या कर्जासाठी लग्नखर्चाला उगाच फार दोष दिला जातो. त्या जाळपोळीच्या दीडेक वर्ष आधी, 25 डिसेंबर 1873 ला, सत्यशोधक समाजानं भटजीवाचून, थोडक्यात लग्न लावूनही दाखवलं होतं. खर्च निदान मोजता तरी येतो. ओळ वर की खाली, याचं माप कोण काढणार? आणि कुणापुढं मांडणार? तोंडानं बोललं की माणूस हलका होतो. गप्प राहावं तर पुढच्या पत्रिकेत तीच जागा कायम.

व्यवस्थापक म्हणजे आहेराची वही, हे कुणी सांगायला नको. अक्षर बरं असलं की हेच होतं. दोनशे पानी आणायची, पहिल्या पानावर श्री आणि हळद-कुंकू. डावीकडं रुंद समास सोडायचा, तिथं गाव. गाव आधी विचारायचं, नाव नंतर, कारण एकाच नावाचे चौघे येतात आणि पुढं फेड करताना घोळ होतो. पाकीट तिथंच फोडायचं, आकडा मोठ्यानं म्हणायचा, मग लिहायचा. न फोडता साठवली की रात्री हिशेब जुळत नाही. आतल्या बायकांच्या साड्यांची वही वेगळी. त्यात तोंड घालायचं नाही.

एक आहे, वहीवर बसणाऱ्याला सगळ्यांचा आकडा कळतो. निमंत्रकांतल्या बड्या नावांचाही. गेल्या दोन कार्यांत त्यातले किती जण 101 वर सुटले, ते मला पाठ आहे. नाव काढत नाही.

आपला आहेर काय करावा? लग्नघरच्यांनी आपल्याकडं 501 केला होता. तेवढाच परत करणं रीतीत बसतं, आणि आत्ताच्या रागालाही पुरतं.

1001 करतो. माइकवर आकडा पुकारतात.