हौशी पेंटबॉल गटाची साधनखरेदी : माझा अनुभव

पेंटबॉल म्हणजे रंग भरलेल्या गोळ्या झाडून प्रतिस्पर्ध्याला बाद करण्याचा खेळ. आमच्या हौशी पेंटबॉल गटात नवे खेळाडू येत, एकदा खेळत आणि पुन्हा फिरकत नसत. गोळी लागली की दुखते, म्हणून ते कचरत असावेत, असा जुन्या मंडळींचा समज होता. साधनांची खरेदी करण्याचे आणि दर ठरवण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा जे येऊन गेले होते त्यांनाच मी कारण विचारले. वळ उठल्याची तक्रार क्वचितच कोणी केली. मास्क आणि मार्करचे (दाबाखालच्या वायूने गोळी झाडणाऱ्या बंदुकीचे) भाडे परवडले, पण गोळ्यांचा खर्च झेपला नाही, हेच बहुतेकांनी सांगितले.

मार्कर, मास्क आणि हवेची टाकी नीट वापरली तर वर्षानुवर्षे अनेकांच्या हाती फिरते, गोळी मात्र एकदाच उपयोगी पडते. साधारण हॉपरमध्ये, म्हणजे मार्करवर बसवलेल्या गोळ्यांच्या डब्यात, 200 गोळ्या मावतात आणि घाबरलेला नवखा खेळाडू अर्धस्वयंचलित (घोडा ओढताच झाडून पुढच्या गोळीसाठी आपोआप सज्ज होणाऱ्या) मार्करने त्या पहिल्याच झुडपावर रिकाम्या करतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असा हा प्रकार आहे. वास्तविक 1981 साली अमेरिकेतील न्यू हॅम्पशायरमध्ये पहिला सामना झाला, तेव्हा झाडांवर आणि गुरांवर खुणा करण्यासाठी बनवलेले मार्कर वापरले होते. प्रत्येक गोळीसाठी ते हाताने सज्ज करावे लागे, त्यामुळे रंग जपूनच खर्च होई. त्या सामन्याचा विजेता तर एकही गोळी न झाडता जिंकला होता, याची आठवण मी पुढे गटाच्या बैठकीत मुद्दाम करून दिली.

गोळ्या स्वस्तात मिळवायच्या म्हणून एकदम मोठा साठा घ्यावा, हा सर्वांना सुचणारा उपाय होता. तो मी बाजूला ठेवला, कारण गोळीचे कवच जिलेटिनचे असते. औषधांच्या मऊ कॅप्सूल ज्या पद्धतीने बनतात, त्याच पद्धतीने ही गोळीही बनते आणि आत पॉलिएथिलीन ग्लायकॉलमध्ये मिसळलेला, पाण्याने धुतला जाणारा रंग असतो. दमट हवेत हे कवच फुगते आणि मऊ पडते, थंडीत ठिसूळ होते, तर एकाच कुशीवर पडून राहिलेली गोळी चपटी होते. शिवाय 2000 गोळ्यांच्या एका खोक्याचे वजन सहा किलोच्या आसपास भरते, त्यामुळे वाहतुकीचा खर्च किमतीत हमखास शिरतो. आमचा तेव्हाचा पुरवठादार सवलतीच्या नावाखाली पडून राहिलेला माल खपवत होता. म्हणून मी प्रत्येक खोक्यातील मूठभर गोळ्या तपासूनच माल स्वीकारण्याची अट घातली. गोळी तळहातावर फिरवून खड्डा किंवा शिवणीचा उंचवटा जाणवतो का, ते पाहायचे. मग ती मार्करच्या नळीत, म्हणजे बॅरलमध्ये टाकायची. आपोआप घरंगळून बाहेर पडली तर ती बॅरलच्या मानाने लहान, जोराने फुंकूनही हलली नाही तर मोठी, आणि हलक्या फुंकरीने निघाली तर योग्य. बॅरलमध्ये फुटलेली एक गोळी पुढच्या कित्येक नेमांचा विचका करते आणि नवख्याला वाटते की आपल्यालाच खेळ जमत नाही.

मार्करच्या बाबतीत मी एकाच साध्या, यांत्रिक नमुन्याचा आग्रह धरला. विविध नमुन्यांचे मार्कर असले की प्रत्येकाचे सुटे भाग वेगळे, आणि एवढ्याशा ओ-रिंगसाठी (हवा गळू नये म्हणून बसवलेल्या रबरी कड्यासाठी) सबंध मार्कर अडून बसतो. कार्बन डायऑक्साइडऐवजी दाबाखालची हवा घेतली, कारण थंडीत त्या वायूचा दाब घसरतो आणि गोळीचा वेग एकसारखा राहत नाही. टाक्यांची मुदतीची दाबचाचणी, मास्कच्या काचा आणि वेग मोजणारा क्रोनोग्राफ यांवरील खर्चात मात्र मी कुणालाही कात्री लावू दिली नाही. सेकंदाला 300 फूट ही सर्वसाधारण वेगमर्यादा मोजूनच पाळता येते.

सर्वांत अवघड काम दर ठरवण्याचे होते. प्रवेश स्वस्त ठेवायचा, बाहेरच्या गोळ्या आणू द्यायच्या नाहीत आणि गोळ्यांवरच्या नफ्यातून मैदानाचा खर्च भागवायचा, ही अनेक ठिकाणची रीत आहे. तिच्यात जो जास्त झाडतो तो मैदान पोसतो, हे खरे. पण पैसे संपले म्हणून कडेला बसलेला नवखा पुढच्या खेपेला येत नाही आणि पुढे मैदान पोसणाराच उरत नाही. आम्ही प्रवेशशुल्क वाढवले, त्यातच ठराविक गोळ्या दिल्या आणि त्यावर लागणाऱ्या गोळ्या जवळपास खरेदीच्याच दराने ठेवल्या. सकाळचे डाव सर्वांसाठी पंप मार्करचे केले, म्हणजे प्रत्येक गोळीमागे हाताने दट्ट्या ओढणे आले. जुन्या खेळाडूंनी यावर बरीच नापसंती दर्शवली. धो धो गोळ्या झाडण्यात ज्यांना रस होता, त्यांच्यापैकी काहींनी गट सोडला आणि गोळ्यांची मागणी घटल्यामुळे पुरवठादाराची सवलतही आकसली. मात्र नव्यांपैकी पुन्हा येणारे दिसू लागले, आणि त्यांपैकी काहींनी स्वतःचा मास्क घेतला, जी माझ्या मते टिकून राहण्याची सर्वांत विश्वासार्ह खूण आहे. दुपारचे डाव आता अर्धस्वयंचलित मार्करसाठी मोकळे आहेत. तेथे गोळ्यांवर मर्यादा घालावी की नाही, यावर गटात अद्याप एकमत झालेले नाही.