साखर उतरली, मग पायांची आग का जात नाही?

“तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, एचबीए१सी, सातवर आलं, पथ्य पाळतोय, तरी तळव्यांची आग का जात नाही? औषधच चुकलंय ना?” पाय तपासताना हे रोज ऐकते. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

ही आग मधुमेहाने बिघडलेल्या नसांची असते. साखर उतरली की नसांचं पुढचं नुकसान मंदावतं, झालेलं लगेच भरून येत नाही. उलट तीन महिन्यांत एचबीए१सी दोन अंकांहून जास्त घसरलं, तर पुढच्या काही आठवड्यांत आग नव्याने सुरू होऊ शकते. म्हणून घाबरून इन्सुलिन सोडू नका.

औषध चुकलंय म्हणता, पण चौथ्या दिवशी गोळी कोण बंद करतं? नसांच्या दुखण्यावरच्या गोळ्यांपैकी अमिट्रिप्टिलिन रात्री १० मिलिग्रॅमपासून सुरू करतात, ड्युलोक्सेटिन ३० पासून, प्रेगाबालिन साधारण ७५ पासून. डोस हळूहळू वाढवायचा, पुरेशा डोसवर दोन ते चार आठवडे थांबायचं, मग गुण मोजायचा. दुखणं निम्मं झालं तरी ते यश आहे. अमिट्रिप्टिलिनने तोंड कोरडं पडतं, प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी अडू शकते. प्रेगाबालिनने पाय सुजतात, तोल जातो. किडनी कमजोर असेल तर डोस कमी लागतो. एकाने भागलं नाही तर दुसरं जोडतात. डायक्लोफेनॅकसारख्या नेहमीच्या वेदनाशामकाने ही आग जात नाही, किडनी मात्र बिघडते. आणि साखरेची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ जीवनसत्त्व तपासा, ते कमी पडलं तरी नसा बिघडतात; शाकाहारी असाल तर नक्कीच.

आता खरं सांगायचं ते. एक निवृत्त शिक्षक होते. रात्री दोन वाजता आग सहन होईना, म्हणून त्यांनी बादलीत गरम पाणी घेतलं, मूठभर मीठ टाकलं आणि पाय सोडून बसले. निवतंय वाटलं की पातेल्यातलं कढत पाणी पुन्हा ओतायचे. “आता कुठे जरा बरं वाटतंय,” म्हणाले. बायकोने बादली उचलायला म्हणून आत बोटं घातली आणि चटका बसून हात मागे घेतला. सकाळी दोन्ही घोट्यांवर एक सरळ रेघ होती, पाणी जिथवर होतं तिथवर. रेघेच्या वर पाय जसाच्या तसा, खाली कातडी फोडांनी उचललेली. त्यांना एकदाही चटका कळला नव्हता. उजव्या पायाची दोन बोटं काढावी लागली.

आग होणारा पाय बधिर असू शकतो, हे कुणाला पटतच नाही. बिघडलेली नस खोटी वर्दी देत राहते आणि खरी पोचवत नाही. देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चालणाऱ्यांचं हेच होतं.

“आग होतेय म्हणजे नस जिवंत आहे,” असं धीर द्यायला पूर्वी मीच सांगायचे. त्या शिक्षकांनाही सांगितलं होतं. ते चूक नव्हतं, पण अर्धंच होतं. पाण्याला आधी दुसऱ्याने कोपर लावून बघावं, हे सांगायचं राहिलं. ते सांगितलं असतं तर रात्री दोनला त्यांनी कुणाला उठवलं असतं का, ठाऊक नाही. धीराचं ते वाक्य आजही कधी तोंडात येतं, आणि टाकावं की नाही ते ठरत नाही.

आता कुणी हसत येऊन “आग गेली” म्हणालं, की मी आधी १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट, म्हणजे स्पर्श कळतो का ते तपासायचा नायलॉनचा तंतू, काढते, डोळे मिटायला सांगते आणि अंगठ्याखाली टेकवते. गोळीचा गुण आलाय की पाय सुन्न झालाय, ते तेव्हा कळतं.