मोहाखालची आग आणि पाचशे रुपयांचा दंड

एका म्हातारीने मोहाच्या झाडाखालचा पाला जाळला आणि जंगलाला आग लागली, तर तिच्याकडून दंड घ्यायचा की नाही, यावर गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या एका गावाची ग्रामसभा रात्री उशिरापर्यंत बसली होती. मी तिथे कार्यवृत्त लिहायला होते. निर्णय झाला, सह्या-अंगठे झाले, तरी विषय डोक्यातून जात नाही.

२००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला आपल्या पारंपरिक हद्दीतलं जंगल राखण्याचा आणि त्याचं व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला. आमच्याच तालुक्यातल्या मेंढा-लेखाला तो २००९ मध्ये मिळाला, देशात अगदी पहिल्यांदा मिळालेल्या गावांत. हक्क मिळाला की जंगलाचा आराखडा लागतो. तो तयार करायला गावांना मदत करणं हे माझं काम. बाहेरच्यांना हे टेबलावरचं काम वाटतं. प्रत्यक्षात आमचा बराच वेळ बांबूच्या रांजीत, म्हणजे बेटात, उकिडवं बसून जातो. कोवळ्या बांबूच्या अंगावर कवच आणि पांढरी भुकटी असते, जुना पिवळट पडतो. कोवळे राखायचे, जुने तोडायचे, तेही जमिनीलगत नाही, पेर सोडून वर, आणि रांजीच्या कडेचे राखून आतले. हे गावातल्या माणसांना माझ्याआधीपासून माहीत आहे. मी फक्त ते सरकारी तक्त्यात बसवते. त्या तक्त्यात जाळरेषेची, म्हणजे आग अडवायला मोकळ्या केलेल्या पट्ट्याची, लांबी विचारलेली असते. आग कोण लावतं आणि का लावतं, यासाठी रकाना नसतो.

मार्च संपत आला होता. दुपारी देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून उपग्रहाने टिपलेल्या आगीचा एसएमएस आला. तो आग कुठल्या भागात आहे एवढंच सांगतो, एक ठिपका पावणेचारशे मीटरचा. कुठल्या नाल्याच्या कुठल्या अंगाला, ते गावकऱ्यांनी धूर पाहूनच ओळखलं, आणि ऐकून सगळे गप्प झाले. तीन वर्षं विश्रांतीला ठेवलेला बांबूचा पट्टा त्याच बाजूला होता.

आग विझवणं म्हणजे पाणी मारणं, असं शहरात समजतात. इथे पाणी कुठलं? हिरव्या डहाळ्या तोडायच्या आणि आगीच्या कडेने चालत झोडपायचं. वारा चढावर घेऊन जातो, म्हणून आगीच्या मागे धावायचं नाही. पुढे जाऊन टेकडीच्या माथ्यावर माती दिसेपर्यंत पाला झाडायचा, पट्टा करायचा, आणि पट्ट्याच्या आगीकडच्या कडेने आपणच दुसरी आग लावून तिला खाली सोडायची. दोन्ही एकमेकींना भिडल्या की खायला काही उरत नाही. बायकांनी तो पट्टा ज्या वेगाने झाडला, तसा कुठल्याही प्रशिक्षणात मी पाहिलेला नाही. खाली रांज्यांत पेरं फुटण्याचे बंदुकीसारखे आवाज येत होते. वनरक्षक एकटा, मोटरसायकलवर पाला उडवायचा ब्लोअर बांधून आला आणि शेवटपर्यंत थांबला. त्याच्या कार्यालयातून त्याला फोन येत होते, आणि प्रत्येक वेळी प्रश्न एकच, किती हेक्टर. माणसं पुरेशी आहेत का, हे कुणी विचारलं नाही. याचा मला अजून राग आहे.

आग बसल्यावरही काम संपत नाही. आडवी पडलेली सुकी खोडं आतून धुमसत राहतात. ती एकेक उलटवून मातीने झाकावी लागतात. ते होईपर्यंत अंधार पडला, आणि तशीच राख लागलेली माणसं समाजमंदिरात सभेला बसली.

आजी स्वतःच उठून बोलली. "मीच लावली. पाल्यात फूल दिसत नाही, अन् अंधारात अस्वल बसून असला तर मले कसा दिसन? विझली म्हणून घरी आली मी."

यातलं काहीच खोटं नाही. मोहफुलं पहाटे गळतात, ऊन चढायच्या आत वेचावी लागतात, आणि तीच फुलं खायला अस्वलं येतात. पाला जाळला की जमीन स्वच्छ होते आणि लांबचं दिसतं. पण त्याच आगीत चारोळीची रोपं, गेल्या पावसातले बांबू, जमिनीवर घरटी करणारे पक्षी, सगळं जातं. चांगला पाला फुटावा म्हणून तेंदूच्या, म्हणजे विडीच्या पानांच्या, हंगामाआधी आग लावायला सांगणारे ठेकेदार याहून वाईट. बेलकटाईची, म्हणजे तेंदूची झुडपं छाटण्याची, मजुरी वाचवायला ते दुसऱ्याचं जंगल जाळतात. या गावाने तेंदूसाठीची आग पूर्ण बंद करून स्वतःच्या पैशातून बेलकटाई सुरू केली आहे. पाचशे रुपये दंडाचा नियम त्याच वेळचा.

गावातला एक शिकलेला तरुण अडून बसला. "आजी, नियम झाला तेव्हा तू बसली होती. तू अंगठा देला होता. आज तुले सोडलं तर उद्या ठेकेदाराच्या माणसाले काय सांगू?"

मागून एक बाई म्हणाल्या, "नियम केला कोणी? ज्याईचे मोह बांधावर आहेत त्याईनं. आजीचे मोह कुठे आहेत, एकदा जाऊन पाहा."

यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. या गावात बहुमताने निर्णय होत नाही, सर्वसहमती लागते, म्हणून तरुणाला हरवून सभा उठू शकत नव्हती. शेवटी ठरलं ते असं. लांबच्या मोहांखालचा पाला हंगामाआधी ग्रामसभा झाडून घेईल, मजुरी तेंदूच्या रॉयल्टीतून. एकट्याने कुणी आग लावायची नाही. लावायचीच असेल तर चौघांनी मिळून, भोवती पट्टा झाडून, राख थंड होईपर्यंत थांबायचं. आजीचा दंड पैशात नाही, हंगामभर आगीवर नजर ठेवणाऱ्या पथकाचा स्वयंपाक तिने करायचा. तरुणाने होकार दिला, पण लांबच्या मोहांची यादी आपणच करणार, या अटीवर.

दुसऱ्या दिवशी एका अधिकाऱ्याने मला फोनवर आग लावणाऱ्याचं नाव विचारलं. १९२७ च्या वन कायद्यात राखीव जंगलात आग लावणं गुन्हा आहे, ते मला माहीत आहे. मी म्हटलं, ग्रामसभेने निर्णय घेतला आहे, तिला पत्र लिहा. ते चिडले. जंगल राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला असेल, तर असा निवाडाही तिचाच, असं मी मानते. आजीचं नाव त्यांच्या वहीत गेलं असतं तर पुढच्या आगीला गावातून कुणी धावून आलं असतं का? पण त्या पट्ट्यातल्या जळालेल्या रांज्या मोजताना माझा हा विश्वास डगमगतो. तीन वर्षं गावाने त्या बांबूला हात लावला नव्हता.

तरुणाने यादी आणून दिली. लांबच्या मोहांची झाडं सभेने धरली होती त्याच्या दुपटीहून जास्त निघाली, आणि त्यातली बरीचशी एकट्या बायकांची. रॉयल्टीतून बाजूला काढलेल्या पैशात निम्म्यांखालचाही पाला झाडून होणार नाही. कुठल्या झाडांपासून सुरुवात करायची, हे पुढच्या सभेत ठरेल. आजीच्या झाडांपासून नको, असं आजीच सांगते आहे.