आमची मुंबई बुडता बुडता

एनसीसीच्या नेव्हल युनिटमध्ये शिप मॉडेलिंग इन्स्ट्रक्टर अशी एक पोस्ट असते हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. लग्नाकार्यात कोणी विचारलं की मी आता सरळ "जहाजं बनवतो" असं सांगतो, मग समोरचा माझगाव डॉक समजतो, समजू दे. काम म्हणजे कॉलेजच्या पोरापोरींकडून प्लायवूड, बाल्सा आणि फायबरची युद्धनौकांची मॉडेल करून घ्यायची आणि नौसैनिक कॅम्पच्या आधी ती पाण्यात पळवून तयार ठेवायची. काही मॉडेल नुसती बघायची असतात, आणि पॉवर मॉडेल रिमोटवर बॉयांमधून, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या खुणांमधून, चालवून दाखवावी लागतात. माझा जीव या दुसऱ्यांमध्ये जास्त.

त्या वर्षी आमच्याकडे आयएनएस मुंबई या डिस्ट्रॉयर युद्धनौकेचं मॉडेल होतं. खरी मुंबई माझगाव डॉकला बांधली, २००१ साली नौदलात आली, १६३ मीटर लांब आणि फुल लोडला साधारण ६७०० टन. आमचं मॉडेल १:१०० स्केलचं, म्हणजे लांबी १६३ सेंटीमीटर, रुंदी १७. वजनाचं गणित मात्र पोरांना दरवर्षी चकवतं, लांबी शंभरपट कमी झाली तर वजन शंभरपट नाही, दहा लाखपट कमी होतं, म्हणून ६७०० टनांचे बरोबर ६.७ किलो. तेवढं वजन भरलं तरच मॉडेल वॉटरलाइनवर, म्हणजे खऱ्या जहाजाला पाणी जिथवर लागतं त्या रेषेवर, नीट बसतं, कमी भरलं की बदकासारखं वर तरंगतं आणि वाऱ्याने डुलतं. त्यामुळे आम्ही हलक्या लिपो बॅटऱ्या वगैरेच्या नादी न लागता इन्व्हर्टरवाल्याकडे मिळते ती १२ व्होल्टची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी टाकतो, दोन किलोच्या वर भरते, बॅलास्टचं, म्हणजे खाली दाबून धरणाऱ्या भाराचं, कामही तीच करते.

प्रॅक्टिस गावाबाहेरच्या एका पाझर तलावावर. शहरातला तलाव आहे की, पण तिथे जलपर्णी आणि रविवारची गर्दी, दोन्ही नको.

तर त्या दिवशी सकाळी आमचा एक माजी कॅडेट आला, आता चांगल्या नोकरीला आहे, आणि सोबत आपली नवी रेसिंग बोट घेऊन आला. लालभडक, ब्रशलेस मोटर, फायबरचा डीप-व्ही हल, म्हणजे खालून व्ही आकाराचं अंग, पाण्यावर टेकतच नाही अशी पळते. पोरं आमचं करडं डिस्ट्रॉयर सोडून तिच्याभोवती, साहजिक आहे. मी म्हटलं चालव बाबा, पण आमचं मॉडेल पाण्यात असताना लांब राहा. तो म्हणाला हो सर. आणि खरंच लांबच होता, पण ऊन समोरून पाण्यावर चमकत होतं आणि ताशी चाळीस-पन्नासच्या स्पीडने येणाऱ्या बोटीला लांब आणि जवळ यात फार वेळ लागत नाही.

मुंबई किनाऱ्यापासून साठेक मीटरवर होती, किनाऱ्याला समांतर, किनारा तिच्या डावीकडे म्हणजे पोर्टला. लाल बोट स्टारबोर्ड, म्हणजे उजव्या बाजूने आली. शेवटच्या क्षणी त्याने घाबरून थ्रॉटल सोडला आणि तिथेच गडबड झाली, कारण अशा पाण्यावर घसरत पळणाऱ्या, प्लेनिंग बोटीचा थ्रॉटल सोडला की वर उचललेलं नाक खाली बसतं. नाक वर असतं तर डेकला, रेलिंगला लागून वरून उडून गेली असती. नाक बसलं आणि घाव वॉटरलाइनच्या खाली गेला. टक् असा आवाज झाला, फार मोठा नाही. लाल बोट उलटी होऊन पोट वर करून पडली. आमची मुंबई हलली, सावरली, चालत राहिली. पोरांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या, काही झालं नाही म्हणून.

मी बघत होतो तिच्या वॉटरलाइनच्या काळ्या पट्टीकडे. पट्टी मधोमध बारीक होत चालली होती.

नंतर मोजलं तेव्हा भोक जेमतेम दोन चौरस सेंटीमीटरचं निघालं, अंगठ्याच्या नखापेक्षा थोडं मोठं, पाण्याखाली तीन सेंटीमीटरवर. ऐकायला काहीच नाही. पण तेवढ्या खोलीवर तेवढ्या भोकातून मिनिटाला पाच लिटरच्या वर पाणी आत येतं, आणि अख्खं मॉडेल आहे ६.७ किलोचं.

आता इथे एक सांगतो, मॉडेल सहसा नुसत्या वजनाने सरळ खाली जात नाही, आधी आडवं होतं. आत शिरलेलं पाणी एका जागी बसत नाही, मॉडेल जरा कललं की सगळं त्याच बाजूला धावतं आणि अजून कलवतं. खऱ्या जहाजांनाही याचीच भीती असते, फ्री सरफेस म्हणतात त्याला, आणि त्याचा जोर पाण्याच्या पसाऱ्याच्या रुंदीच्या घनाप्रमाणे वाढतो, म्हणजे रुंदी निम्मी केली तर त्रास एक अष्टमांश. म्हणून आम्ही हलमध्ये प्लायची दोन बल्कहेड, म्हणजे आडव्या भिंती, लावून तीन कप्पे करतो आणि मधल्या कप्प्यात हलच्या दोन्ही कुशींना आतून वरच्या अंगाला फोमच्या पट्ट्या चिकटवतो. तळाला फोम नाही लावायचा, पुष्कळ जण लावतात, मग पाणी भरल्यावर तळ वर यायला बघतो आणि मॉडेल पालथं होतं. फोम वर आणि कडेला पाहिजे. लॅपटॉपच्या खोक्यात येतो तो मऊ पांढरा उत्तम, पाणी पीत नाही.

हे सगळं होतं मुंबईत. भोक फोमच्या कडेच्या बोटभर खाली पडलं, मधल्या कप्प्यात. नुसता मधला कप्पा भरला तर मॉडेल दीड-दोन सेंटीमीटर खाली बसेल पण तरंगेल, हे मला माहीत होतं, कारण या आकाराला एक सेंटीमीटर खाली दाबायला साधारण दोन किलो लागतात. भीती वेगळीच होती. बल्कहेड डेकपर्यंतच असतात. सुपरस्ट्रक्चर, म्हणजे डेकवरचं सगळं बांधकाम, आम्ही झाकणासारखं उचलून काढतो, खाली बॅटरी आणि मोटरचा मोठा चौक उघडा, त्याच्या कडेचा काठ दीड सेंटीमीटर. मॉडेल कलून डेकची कड पाण्याखाली गेली की त्या फटीतून मागच्या कप्प्यात पाणी, तिथे मोटर, रडर फिरवणारा सर्व्हो, रिमोटचा रिसीव्हर. मग खेळ खल्लास.

रिमोट आमच्या एका सेकंड इयरच्या कॅडेटच्या हातात. तिने जे कोणीही करेल तेच केलं, किनारा डावीकडे म्हणून रडर, म्हणजे सुकाणू, डावीकडे फुल्ल. आणि मुंबई उजवीकडे कलली, भोक अजून खाली.

मोटरसायकल वळणात आत झुकते, ती लाल रेसिंग बोटही आत झुकते. पण पाणी कापत जाणारं जड, उंच जहाज वळताना बाहेरच्या बाजूला झुकतं. डावीकडे वळलं की उजवीकडे कलणार. मी ओरडलो, "स्टारबोर्ड! स्टारबोर्डला फुल्ल, थ्रॉटल अर्धा!"

"सर, किनारा इकडे आहे!"

"माहितीये मला, घे तू!"

तिने घेतलं. आणि झालं काय, रडर टाकल्याबरोबर मॉडेल पहिला क्षणभर आतल्या बाजूला, म्हणजे जखमेच्याच बाजूला कललं. हे असंच होतं, रडरचा धक्का खाली लागतो म्हणून आधी आत आणि वळण पकडलं की बाहेर, पण पाहणाऱ्याला वाटतं सर चुकले. तिचा अंगठा सुटायला लागला. मी म्हटलं धरून ठेव, सोडू नको, धर. दोनेक सेकंद गेले असतील, मग मुंबई हळूच डावीकडे झुकली आणि फिरता फिरता उजवी कुस आमच्या बाजूला आली तसा तिच्यावर काळ्या पट्टीच्या खालचा लाल रंग दिसायला लागला. लाल रंगावर ती भेग. तळ्याच्या काठावरून मला ती दिसली, पाणी आता तिच्या कडेला नुसतं चाटत होतं.

डावीकडे नव्वद अंश जायचं तर उजवीकडून दोनशेसत्तर फिरून जाता येतं, हे भूमितीत सगळे शिकतात. पोरगी हुशार, मी पुढे काही बोलायच्या आत तिनेच म्हटलं, "सर, पूर्ण फिरवून आणू ना?" म्हटलं आण. वर्तुळ मोठं झालं, बॅटरीचं वजन सरकलं असतं तर सगळं मुसळ केरात, पण बॅटरी रिक्षाच्या ट्यूबच्या पट्टीने आवळलेली होती. पाऊण फेरा पूर्ण करून नाक किनाऱ्याकडे आलं तेव्हा रडर सरळ केलं, मॉडेल परत सरळ झालं, पाणी परत आत यायला लागलं, पण आता समोर किनारा आणि मधल्या कप्प्यात पाण्याला पसरायला जागा थोडीच. मागे बसलेली, जड झालेली, पण येत होती. एक पोरगा बूट काढून आत उतरायच्या तयारीत होता, त्याला पीआय स्टाफने, म्हणजे युनिटच्या कायम प्रशिक्षकांनी, कॉलरला धरून मागे ओढलं. पाझर तलावात गाळ किती असतो ते वरून कळत नाही, मॉडेल परत करता येतं.

आणि किनारा दहा-बारा मीटरवर असताना प्रॉपेलरला शेवाळ गुंडाळलं. मोटर बंद केली, जळण्यापेक्षा बरी.

अशा वेळेला आमच्याकडे एक टग असतो, नवशिक्यांच्या प्रॅक्टिसचा, दिसायला डबा, पण ताकदीला चांगला. त्याच्या मागे लांब दोरी बांधायची, दुसरं टोक किनाऱ्यावर एकाने धरायचं, आणि टग बंद पडलेल्या मॉडेलला वळसा घालून परत आणायचा. दोरीचा फास तयार होतो, दोन्ही टोकं हळूहळू ओढायची. दोरी मात्र त्या हिरव्या-पिवळ्या प्लास्टिकचीच पाहिजे, पॉलिप्रॉपिलीनची, ती पाण्यावर तरंगते. कपडे वाळत घालायची नायलॉनची घेतलीत तर बुडते आणि टगच्याच पंख्यात जाते, मग दोन मॉडेल तलावात. पहिला फास निसटला, दुसरा बरोबर मास्टखाली, म्हणजे डोलकाठीखाली, बसला आणि मुंबई आडवी आडवी सरकत किनाऱ्याला लागली. मास्टच्या आतून वर नेलेली रिसीव्हरची अँटेना शेवटपर्यंत कोरडी होती. २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल पाण्याखाली पोचत नाही, अँटेना हलच्या तळाशी टाकली असती तर रिमोट हातात असून नसल्यासारखा.

पोरं उचलायला धावली, त्यांना थांबवलं. पोटात चार लिटर पाणी असलेलं दीड मीटरचं मॉडेल दोन टोकांना धरून उचललं की मधोमध मोडतं, जे टक्करीत वाचलं ते हातात जायचं. काठाच्या उथळ पाण्यातच उजव्या कुशीवर कलतं धरलं, मधे हात देऊन थोडं थोडं वर घेतलं आणि ज्या भोकातून पाणी आलं त्यातूनच बाहेर काढलं. मागचा कप्पा उघडला तर तळाला दोन-तीन चमचे असेल. बॅटरीच्या टर्मिनलवर बुडबुडे येत होते, गोड्या पाण्यात १२ व्होल्टला फार काही होत नाही, धुऊन पुसून टाकली.

लाल बोट तोपर्यंत वाऱ्याने आपोआप काठाला आली होती, उलटीच. तिच्या नाकात स्विमिंगचा नूडल कापून कोंबलेला आणि झाकणाला चारी बाजूंनी टेप, म्हणून तीही वाचली. नाकाला चरा गेला होता, तेवढंच.

भोकाला तात्पुरतं ग्रीस आणि प्लास्टिकची पिशवी बाहेरून लावून बघितली, पोरांना दाखवायला. बाहेरूनच लावायची, पाण्याचा दाब तिला भोकावर दाबून धरतो, आतून लावली तर ढकलून देतो. जुन्या काळी जहाजांवर कॅनव्हासची अशी चादर भोकावर ओढायचे. पक्कं काम वर्कशॉपमध्ये, आतून फायबर मॅटचे दोन थर आणि रेझिन, बाहेरून पुट्टी, घासून परत लाल, काळा, करडा. कॅम्पला कुणाच्या लक्षातही आलं नाही.

आता आमच्याकडे रेसिंग बोट आणि स्केल मॉडेल एकाच वेळी पाण्यात जात नाहीत, पाटीच लावलीय. त्या माजी कॅडेटला फार वाईट वाटलं होतं, त्याने पुढच्या आठवड्यात युनिटला फोम पाठवला. पाठवला म्हणजे काय, थर्मोकोलचे बारीक मणी, गोणीभर. मॉडेलमध्ये भरले तर भोकातून आधी तेच बाहेर येतील आणि तलावभर पसरतील. गोणी स्टोअरमध्ये पडून आहे, कोणाला बीनबॅग शिवायची असेल तर घेऊन जा, स्वतः येऊन न्यावी लागेल.