आतल्या लेनमधली पोरगी

कोच मोबाइल उंचावत टेबलाकडे यायला लागला की मी चष्मा पुसायला घेते. तेवढीच उसंत. परवाच्या आंतरकॉलेज स्पर्धेत मुलींच्या ८०० मीटर फायनलनंतर असे दोघं आले, एकामागोमाग एक. दोघांच्या मोबाइलमध्ये दोन वेगवेगळ्या पोरी जिंकत होत्या.

मैदान मुंबईतलंच, पण त्याचं, कॉलेजांचं आणि पोरींचं नाव लिहीत नाही. आधीच व्हॉट्सॲपवर पुरेसं झालंय. मी आठवडाभर रेल्वेच्या ऑफिसात फायली बघते आणि सुट्टीच्या दिवशी फोटो फिनिशच्या, म्हणजे शेवटच्या रेषेवरच्या कॅमेऱ्याच्या, टेबलावर बसते. तिथे चित्र वाचणार चीफ सर; मी नंबर टाकायचे, प्रिंट काढायची. तेव्हा खाली लिहिलंय ते माझं एकटीचं मत.

शेवटच्या फेरीची घंटा वाजली तेव्हा आतल्या कडेची पोरगी पुढे होती. बारीक चणीची, घट्ट वेणी, पहिली फेरी जरा जास्तच जोरात काढलेली. शेवटच्या वळणावर तिचे खांदे वर यायला लागले. खांदे कानाकडे सरकले की समजायचं, पायांत आता फारसं उरलेलं नाही. बाहेरून उंच पोरगी आली, ती तोवर तिच्या मागे चिकटून वाऱ्याआड पळत होती. शेवटचे तीस मीटर दोघी कोपराला कोपर लावून. स्टँडमधून असा गलका उठला की शेजारचा स्टार्टर काय बोलतोय ते मला ऐकू येईना.

स्क्रीनवर दोघींची वेळ २:२१.३७. हजाराव्या भागापर्यंत वाचलं तर बाहेरची २:२१.३६४ आणि आतली २:२१.३६८. वेळ जाहीर करताना पुढच्या शंभराव्या भागावर नेतात, म्हणून दोन्हीचे ३७. सरांनी बाहेरचीला पहिली दिली.

"मॅडम, डोळ्यांनी दिसतंय हो!" आतलीचा कोच. व्हिडिओ खरा होता, त्यात आतलीच पुढे होती. मी विचारलं, तुम्ही उभे कुठे होतात? रेषेच्या आठ-दहा पावलं पुढे, म्हणाला. दुसऱ्या कोचला विचारलं. तो रेषेच्या अलीकडे. संपलं की मग! बाहेरच्या बाजूने रेषेच्या पुढून बघितलं की लांबची पोरगी पुढे दिसते, अलीकडून बघितलं की जवळची. त्यातून मोबाइल सहसा सेकंदाला ३० फ्रेम घेतो. या पोरी शेवटी सेकंदाला साधारण ६ मीटर पळत होत्या, म्हणजे एका फ्रेमपासून दुसऱ्या फ्रेमपर्यंत २० सेंटिमीटर. भांडण चाललं होतं जेमतेम अडीच सेंटिमीटरचं.

आमचा कॅमेरा मुळात मैदान बघतच नाही. तो फक्त रेषेची एक उभी पट्टी बघतो आणि सेकंदाला हजार वेळा तीच पट्टी टिपून शेजारी शेजारी लावतो. प्लॅटफॉर्मच्या दोन खांबांच्या फटीतून फास्ट लोकल जाताना बघावी, तसं. म्हणून त्या चित्रात डावी-उजवीकडचं अंतर म्हणजे जागा नव्हे, वेळ. रेषेवर टेकलेला पाय तिथे जास्त वेळ राहतो, म्हणून बूट हातभर लांब दिसतो. पालक ते बघून हसतात. मध्यम पल्ल्याला शेवटी ज्याची त्याची ठरलेली लेन नसते, तेव्हा कोण कुठली ते कमरेवरच्या नंबरावरून ओळखायचं. तो स्टिकर घामाने सुटतो. आतलीचा अर्धा लोंबत होता, वाचता आला हे नशीब.

इथपर्यंत सगळं यंत्राचं. शर्यत सुरू करणाऱ्या गनचा सेन्सर आम्ही सकाळीच तपासला होता, त्यात खोट नव्हती. पण त्या चित्रावर उभी रेघ सरकवत नेऊन कुठे थांबायचं, ते माणूस ठरवतो. नियम सांगतो, धड रेषेवर कधी पोचलं ते बघा. डोकं, मान, हात, पाय यातलं काही धरायचं नाही. वेणी तर नाहीच. आता बनियनच्या कडेशी खांदा कुठे संपतो आणि दंड कुठे सुरू होतो, ते पिक्सेल मोठे करून बघा एकदा. आणि आमचा कॅमेरा एकच, तोही बाहेरच्या बाजूला. उंच पोरीचा पुढे आलेला दंड नेमका आतलीच्या छातीवर आला होता. आतलीच्या बनियनची कड दंडाच्या वर थोडी दिसत होती, खाली थोडी दिसत होती, आणि जिथे ती सर्वात पुढे असणार ती जागा झाकलेली. सरांनी वरून आणि खालून अंदाज जोडला आणि रेघ ठेवली. त्यांचा हात या कामात मुरलेला आहे. तरीही तो अंदाजच, आणि चार हजारांश सेकंदाचा निकाल अंदाजावर द्यावा का, हा माझा प्रश्न.

हे कोणाला झालं नाही असंही नाही. २०१२ साली अमेरिकेच्या ऑलिंपिक निवड चाचणीत, युजीनला, महिलांच्या १०० मीटरमध्ये तिसऱ्या जागेसाठी ॲलिसन फेलिक्स आणि जेनेबा टारमो. आधी टारमोला एक हजारांशाने तिसरी दाखवलं. तिचं धड हाताआड गेलं होतं, वाचणाऱ्याने जागा अंदाजाने धरली होती. चित्र पुन्हा बघितल्यावर दोघींना ११.०६८ देऊन बरोबरी जाहीर केली. पुन्हा शर्यत ठरली, टारमोने माघार घेतली, तो वाद वेगळा. पण दिसत नाही तिथे 'दिसत नाही' म्हणायची त्यांची हिंमत मला आवडते.

आपल्याकडे अशा वेळी कोणीतरी पी. टी. उषाला आणतंच. परवाही आणलं. लॉस एंजेलिस, १९८४, ४०० मीटर अडथळा, ५५.४२ विरुद्ध ५५.४१, ब्राँझ गेलं. पण तिथे शंभराव्या भागात फरक होता आणि तो दिसत होता. ती हळहळ आहे, वाद नाही. दोन्ही गोष्टींची भेळ करू नये.

रीतसर प्रोटेस्ट आला, निकाल जाहीर झाल्यापासून अर्ध्या तासाच्या आत. रेफ्रींनी चित्र बघितलं, सरांशी बोलले, निकाल कायम ठेवला. अधिकार त्यांचा होता, आणि त्यांनी चित्र तरी नीट बघितलं. कित्येक ठिकाणी कोचला हाकलून मोकळे होतात. मी असते तर दोघींना पहिली दिली असती. पहिल्या क्रमांकाची दोन प्रमाणपत्रं छापायला कितीसा कागद लागतो? उद्या एखादीने खेळाच्या कोट्यातून नोकरीचा अर्ज केला तर 'प्रथम' आणि 'द्वितीय' या शब्दांत फार अंतर पडतं. टेबलावर बसून ते लक्षात राहत नाही.

आतली पोरगी चित्र बघायला आली होती. मी तिला स्क्रीन मोठी करून दाखवली. बराच वेळ बघून म्हणाली, "मॅडम, हा हात तिचा आहे ना? मग माझं दिसतंच कुठे?" एवढा नेमका प्रश्न दोन्ही कोचपैकी एकानेही विचारला नव्हता.

आतल्या बाजूला दुसरा कॅमेरा लावा, नियमपुस्तकातही दोन्ही बाजूंनी असावेत असंच आहे, असं पत्र मी आयोजकांना दिलंय. उत्तर आलं, बजेट बघून कळवतो. समारोपाला मंचावर एलईडी पडदा होता, ढोलताशा पथक होतं, आणि पाहुण्यांना दिलेल्या ट्रॉफ्या विजेत्यांच्या ट्रॉफ्यांपेक्षा मोठ्या होत्या.